काव, चुना आणि 1560 साल

फोंड्याहून पणजीची बस धरली की शहापूरला साफा मशीद लागते. जांभ्या दगडाची, वर कौलं, शेजारी पायऱ्यांची मोठी तळी. आदिलशाहीतली, 1560 सालची. फर्मागुडी मागे टाकून बस पुढे गेली की आधी म्हार्दोळ येतं, मग मंगेशी. मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून झुआरी नदी ओलांडून प्रियोळला आणलं, तेही 1560 सालीच. आणि त्याच वर्षी गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, इन्क्विझिशनचं (धर्मबाह्य ठरवलेल्यांना शिक्षा करणारं पोर्तुगिजांचं) न्यायालय बसलं, ते कायमचं बंद व्हायला 1812 साल उजाडलं.

या तिन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तोवर हजार वेळा मी त्या रस्त्याने गेले असेन. कळलं तेही थोरलीने बसमध्ये विचारलं म्हणून. मंगेश कुठून आला ते मी तिला सांगत होते. ती म्हणाली, ‘‘देव होड्यार बसून आयलो?’’ मी हो म्हटलं. मग थोडा वेळ गप्प बसून तिने विचारलं, ‘‘मागीर हांगा राजा कोण आशिल्लो?’’

इथे राजा आदिलशहा होता. फोंडा महाल, म्हणजे हा परगणा, तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हता, म्हणून तर मंगेश, म्हाळसा, शांतादुर्गा ही सगळी दैवतं नदीच्या या बाजूला आली. एका राजाच्या राज्यातून निघालेल्या देवांना दुसऱ्या राजाच्या मुलखात जागा मिळाली, आणि हा दुसरा राजा मशीदही बांधत होता. हे वाक्य मी तिला सांगितलं तेव्हा माझ्याच डोक्यातला इतिहास थोडा हलला. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत देव पळाले एवढंच होतं. ते कुठे आले याचा उच्चार नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. मुलांना इतिहास आणि चित्रकला घरी शिकवली पाहिजे, दोन्ही एकत्र शिकवली पाहिजेत, आणि हे काम गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या घरांनी तरी शाळेवर सोडून देऊ नये. आम्ही घरात कोंकणी बोलतो, पोथी आणि वर्तमानपत्र मराठी वाचतो, शेजारी मिंगेलबाबकडे पोर्तुगीज शब्द ऐकतो. एवढ्या भाषांमधून ज्या घरात भूतकाळ झिरपत येतो तिथे तो मुलाच्या हाती कसा द्यायचा, हा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकाला झेपणारा नाही.

मुलांना शाळेतून काढा असं मी म्हणत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेचा हक्क दिला तो मोलाचा आहे, आणि माझी दोन्ही मुलं शाळेत जातात. पण शाळेला जे जमत नाही ते जमत नाही. माझ्या मुलांच्या शाळेत परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. इतिहासात ‘पोर्तुगिजांनी गोवा कधी जिंकला’ याचं उत्तर 1510 लिहिलं की गुण मिळतो आणि विषय संपतो. एका वर्गात चाळीस मुलं घेऊन शिक्षकाने साफा मशिदीच्या तळीवर जाऊन बसावं, ही अपेक्षा मीही करणार नाही. तिथे आई-बापच जाऊ शकतात.

आता चित्र का, ते सांगते. इतिहास तोंडाने सांगितला की तो फार लवकर गोष्ट होतो, आणि गोष्टीला नायक लागतो, खलनायक लागतो. चित्र काढायला बसलेल्या मुलाला आधी थांबावं लागतं. मंगेशीच्या दीपस्तंभाचे मजले मोजल्याशिवाय तो काढताच येत नाही. (सात आहेत. आम्ही आधी सहा काढले होते.) कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळाचा घुमट काढायला गेलं की लक्षात येतं, हे घाटावरच्या देवळासारखं शिखर नाही. खिडक्यांच्या कमानी गोल आहेत. त्यानंतरच्या रविवारी आम्ही जुन्या गोव्यात बसून चर्चच्या खिडक्या काढल्या आणि थोरलीने स्वतःच वहीची मागची पानं उलटून पाहिली. तीच कमान. कवळ्याचं आजचं देऊळ अठराव्या शतकातलं, शाहू महाराजांच्या काळातलं. तोवर या भूमीवरच्या गवंड्यांच्या हाताला ती कमान बसली होती. ज्या सत्तेमुळे देवीला केळशी सोडावी लागली, तिच्याच चर्चची कमान देवीच्या नव्या घराला लागली. हे मी तिला आधी सांगितलं असतं तर ते तिला भाषण वाटलं असतं. तिने स्वतः रेघ ओढली होती, त्यामुळे ते तिचं झालं.

देवळांचा विध्वंस मुलांना सांगू नये असं काहीजण म्हणतात, लहान वयात मन कडू होतं म्हणून. दुसरे काहीजण तेवढंच सांगतात. मला दोन्ही पटत नाही. आठ वर्षांच्या मुलालाही सांगता येतं, फक्त पूर्ण सांगावं लागतं. आम्ही नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला गेलो होतो. कदंब राजांचं हे कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. बहामनी काळात ते मोडलं. विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभारलं. 1540 मध्ये पोर्तुगिजांनी ते पाडलं आणि लिंग नदी ओलांडून नार्व्याला आलं. शिवाजी महाराजांनी 1668 साली जीर्णोद्धार केला. दारावरच्या शिलालेखात शके 1590 आहे. धाकट्याने त्यात 78 मिळवले आणि 1668 आल्यावर त्याचा चेहरा जो फुलला, तसा तो कुठल्याही शौर्यकथेने फुललेला मी पाहिलेला नाही. त्याला पुरावा सापडला होता. कोणीतरी सांगितलं म्हणून खरं, इथून तो ‘दगडावर आहे’ इथपर्यंत आला होता.

घरच्या इतिहास-शिक्षणाचा माझ्या लेखी कणा हाच आहे. ‘हे कशावरून?’ असं विचारायला शिकवणं. आज मुलाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर दोन मिनिटांत कुणीतरी ओरडून इतिहास सांगतं. पोर्तुगीज सगळे राक्षस, किंवा पोर्तुगीज होते तेव्हा किती शिस्त होती. दोन्ही प्रकार गोव्यात भरपूर चालतात. त्या आवाजाशी वाद घालायची ताकद मुलाला आपल्या उपदेशाने येत नाही. शके 1590 स्वतः वाचलेल्या मुलाला ती थोडीफार येते.

आणि चित्रकलेचंही तेच. कागदावर सूर्य, डोंगर, नारळाचं झाड हे सगळीच मुलं काढतात. मला मुलांना इथला हात दाखवायचा होता, म्हणून आम्ही कावी करून पाहिली. मोरजीला मोरजाईच्या देवळात भिंतींवर ही कला आहे, पांढऱ्यावर तांबड्या रंगाची. काव म्हणजे आपली जांभ्याची तांबडी माती. शिंपले जाळून केलेला चुना, त्यात गूळ आणि धुतलेली वाळू घालून मुरवायचा, भिंतीला गिलावा द्यायचा, वर कावेचा थर आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा पाडायचा. घरी आम्ही मंगळुरी कौलाच्या तुकड्यावर हे केलं. चुना मी हाताळला, तो मुलांच्या हाती द्यायची वस्तू नव्हे. कोरायला खिळा. पहिले तीन तुकडे वाया गेले. थोरली फुलाच्या पाकळ्या मोजून-मापून कोरत बसली आणि तोवर थर वाळून पापुद्रे निघायला लागले. ती रडकुंडीला आली. चौथ्या तुकड्यावर तिने पाकळ्या भराभर, न उचलता हात फिरवून काढल्या आणि त्या पहिल्यांदा मोरजीच्या फुलांसारख्या दिसल्या. मग म्हणाली, त्यांच्याकडे भिंत केवढी होती आणि वेळ किती कमी होता!

त्या कारागिरांची नावं देवळात कुठे लिहिलेली नाहीत. यजमानाचं नाव असतं, महाजनांची यादी असते. पण आता माझ्या मुलीला त्या अनामिक माणसाच्या मनगटाचा वेग माहीत आहे. इतिहास याहून जवळ कसा न्यायचा हे मला ठाऊक नाही.

याला एक सार्वजनिक बाजूही आहे आणि ती मला फार टोचते. गोव्यातल्या कितीतरी देवळांचं नूतनीकरण होतं तेव्हा जुन्या भिंतींवर ऑइल पेंट फिरतो, खाली चकचकीत फरश्या येतात, आणि कावीची भिंत एका दुपारी नाहीशी होते. हे करणारी माणसं श्रद्धाळू असतात, पैसे खिशातून घालतात. त्यांच्या मनात वाईट नसतं. त्यांना ती भिंत जुनाट दिसते, कारण लहानपणी त्यांना कुणी तिच्यासमोर वही घेऊन बसवलेलं नसतं. उद्या देवस्थान समितीवर आज आठ-दहा वर्षांची असलेली मुलं बसणार आहेत. कायदे करून, पुरातत्त्व खात्याचे फलक लावून जे वाचेल ते वाचेल, पण गावच्या देवळाची भिंत शेवटी गावच्या माणसाच्या नजरेनेच वाचते.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात खरा आक्षेप. घरी इतिहास शिकवायचा म्हणजे आपापल्या जातीचा, आपापल्या धर्माचा इतिहास शिकवायचा, नाही का? शाळेत निदान सगळी मुलं एका बाकावर असतात. माझ्या एका मैत्रिणीने हे मला सरळ विचारलं आणि त्या विचाराने मला बरेच दिवस नीट झोप लागली नाही.

तिचं बरोबर आहे. घर सांभाळून ठेवतं तसं लपवूनही ठेवतं. आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज म्हणून जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर त्यांची भैरवी आहे; सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेलेला तो गोव्याचा आवाज. हे मुलांना सांगताना माझा ऊर भरून येतो. पण त्या कलावंत समाजातल्या हे कळल्यावर थोरलीने विचारलं, कलावंत म्हणजे काय गं, आजी तो शब्द हळू का बोलते? इथे मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होऊ शकले असते. नाही झाले. देवळाच्या सेवेला वाहिलेल्या बायका होत्या, गाणं-नाचणं त्यांच्याकडे होतं, त्यांना लग्नाचा मान नव्हता, त्यांच्या मुलांना बापाचं नाव लावायचा हक्क नव्हता, आणि त्यांचं गाणं ऐकून डोलणारे लोक त्यांना आपल्या पंगतीला बसवत नव्हते. त्या लोकांत आपले पूर्वजही होते. एवढं सगळं मी तिला सांगितलं, तिच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. माझी सासू स्वयंपाकघरातून ऐकत होती. जेवताना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून, तिच्या लहानपणी देवळातल्या पालखीपुढे कोण गायचं ते मुलांना बसवून सांगितलं. नावानिशी सांगितलं.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर असं: घरी शिकवायचं तर घराचाही हिशेब मांडावा लागेल. परक्याने आपलं काय केलं एवढंच जे घर सांगतं ते इतिहास शिकवत नाही. आपण कुणाला देवळाच्या पायरीशी थांबवलं, हेही त्याच वहीत आलं पाहिजे. आणि वही घेऊन दुसऱ्याच्या दारात जायला हवं. चांदरच्या ख्रिस्ती मंडळींचा मुसळखेळ कार्निव्हलच्या दिवसांत पाहिला तेव्हा माझ्या मुलांच्या डोळ्यांपुढे धर्म आणि परंपरा यांच्यामधल्या भिंतीच सरकल्या. खांद्यावर मुसळं घेऊन, जुन्या राजधानीच्या गावात, ख्रिस्ती माणसं नाचत होती. मी एक शब्द बोलले नाही.

आंजेलो द फोन्सेका हे नावही मुलांना याच वाटेने भेटलं. 1902 साली जुवे बेटावर जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परत येऊन त्याने मेरी काढली ती साडी नेसलेली, सावळी, इथल्या मातीची. गोव्यात तेव्हा हे सोसलं गेलं नाही आणि त्याने पुढचं आयुष्य पुण्यात काढलं. त्याची पुष्कळ चित्रं आज पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. साडीतल्या मेरीचं चित्र पाहून धाकटा म्हणाला, ही तर आमच्या गावची दिसते. त्या काळच्या प्रतिष्ठित लोकांना जे खटकलं, ते आठ वर्षांच्या पोराला सहज पटलं. आपल्या भागातले चित्रकार दीनानाथ दलाल, त्रिंदाद, लक्ष्मण पै ही नावंही घरात बोलली गेली पाहिजेत. दलालांच्या चित्रांवर तर मराठी घरांच्या दोन पिढ्या वाढल्या, ते मडगावचे हे मात्र गोव्यातल्याच मुलांना माहीत नसतं.

वेळेचा आणि पैशाचा मुद्दा उरतो. तो खोटा नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला मी मोरजीला जा असं सांगणार नाही. पण गोव्यातल्या घरात वर्षातून एकदा कलेचं आणि इतिहासाचं अख्खं दालन आपणहून लटकतं. चवथीची माटोळी, गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट. आंब्याचे टाळे, सुपारीची शिपटां, कवंडळ, तोरिंजन, नारळाची पेंड. गेल्या चवथीला मुलांनी आमच्या माटोळीतली एकेक वस्तू वहीत काढून शेजारी नाव लिहिलं आणि आजीला विचारलं की हे कुठून आणलं. तिच्या लहानपणी अर्धं रानातून यायचं, आता जवळजवळ सगळं बाजारातून. एवढं एकच पान पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्या माटोळीत अननसही होता. अननस ब्राझीलकडचा, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेला, तसाच काजू, तशीच मिरची. ज्यांच्या राज्यात गणपतीची मूर्ती उघड पूजता येत नव्हती, म्हणून काही घरांत आजही कागदावरचा गणपती पुजतात असं जुनी माणसं सांगतात, त्यांनीच आणलेलं फळ आज गणपतीच्या डोक्यावर टांगलं आहे. याला खर्च काय लागतो? एक वही आणि आजीशेजारी बसायला अर्धा तास.

सरकारकडे, पंचायतींकडे माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक गावच्या वाचनालयात त्या गावच्या देवळाचा, कपेलाचा (छोट्या चर्चचा), तळीचा, शिलालेखाचा सोप्या भाषेतला इतिहास चार पानांत ठेवावा, मराठीत आणि कोंकणीत. मुलाला घेऊन गेलेल्या आई-बापाला धरायला काठी मिळेल. बाकीचं आम्ही करू.

गेल्या मे महिन्यात आम्ही कुर्डीला गेलो. साळावली धरणात बुडालेलं हे गाव पाणी ओसरलं की उन्हाळ्यात थोडे दिवस वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. जुनं महादेवाचं देऊळ दगड-दगड सुटं करून धरणाजवळ नेऊन उभारलं आहे, पण घरांचे चौथरे तिथेच चिखलात आहेत, आणि उठून गेलेली माणसं दरवर्षी उत्सवाला परत येतात. मुलं एका चौथऱ्यावर बसून गावाचा नकाशा काढायला लागली. कुठे वाट असेल, कुठे अंगण, कुठे विहीर. गावाचं पुनर्वसन झालं त्या वाळकिणीहून आलेली एक म्हातारी बराच वेळ मागे उभी राहून पाहत होती. मग वाकून तिने वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘बांय हे वटेन न्हय रे पुता, ते वटेन.’’

धाकट्याने खोडरबर काढला, पुसलं, आणि ती दाखवत होती त्या बाजूला विहीर पुन्हा काढली.